ओळखीचा निघाला

नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचा लॅपटॉप तपासायला आला होता. जाताना त्याने डिझाइनच्या फाइली नेल्या, असा मालकांना संशय. मला फोरेन्सिकमध्ये जेमतेम सहा महिने झालेले. डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढली. त्या प्रतीचा एसएचए-२५६ हॅश (आतल्या माहितीवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवला. (भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो, म्हणून हे काम मी तीनदा तपासतो.)

इमेजमध्ये चार लाखांवर फाइली. बहुतेक विंडोज, ऑफिस, ब्राउझरच्याच. एकेक उघडत बसलो तर केस पिकतील. त्यासाठी अमेरिकेतल्या निस्ट संस्थेची एनएसआरएल यादी असते. बाजारातली सॉफ्टवेअरं जमवून त्यांतल्या फाइलींचे हॅश तिथे काढून ठेवतात. हॅश जुळला की फाइल ओळखीची. मी ओळखीच्या सगळ्या लपवल्या, उरल्या साठेक हजार. दुपारपर्यंत त्यांत काहीच सापडलं नाही. ‘क्लीन आहे,’ म्हणून मॅडमना सांगूनही टाकलं.

‘‘प्रीफेच बघितलंस?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

कुठला प्रोग्राम कधी चालला, याच्या खुणा विंडोज प्रीफेचमध्ये ठेवतं. त्यात ‘प्रिंटहेल्प’ नावाचा प्रोग्राम दिसला. त्या माणसाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी ६:४० ला चाललेला. पण माझ्या साठ हजारांत तो नव्हताच! फिल्टर काढला, तर डाउनलोड्समध्ये निवांत बसलेला.

यादीत त्याच्या हॅशसमोर नाव होतं ते फाइली कायमच्या पुसणाऱ्या एका विकतच्या प्रोग्रामचं. गड्याने नुसतं नाव बदललं होतं. हॅश निघतो फाइलीच्या आतल्या बाइट्सवरून. त्यांतला एक जरी हलवला असता, तरी यादीने त्याला ओळखलं नसतं, आणि मग गंमत म्हणजे तो माझ्या साठ हजारांत आपसूक आला असता. यादीत हॅकिंगची, माहिती दडवायची साधनंही आहेत, हे निस्टवाले स्वतःच सांगतात. ‘ओळखीची’चं ‘निर्दोष’ मी माझ्या डोक्यात केलं होतं.

अहवालात प्रोग्रामचं खरं नाव आणि वेळ लिहिली. काय पुसलं, ते काही परत आलं नाही. मालक फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, ‘‘अहो, पण नेलं काय त्याने?’’