पन्नास रुपयांत अख्खं फोर्ट कोची? बसू नका त्या रिक्षात

फोर्ट कोचीच्या जेट्टीवर बोटीतून उतरलात की चार पावलांवर रिक्षावाले उभे असतात. हातात लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यावर चर्च, राजवाडा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मासे पकडायची चिनी जाळी, धोबीघाट यांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ५० रुपये. त्या रिक्षात बसू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि उतरल्या उतरल्या चालायला लागा.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि मेहुणा. हातात पूर्ण एक दिवस होता, मुक्काम एर्नाकुळमला, म्हणजे खाडीपलीकडच्या मुख्य शहरात. लॉजच्या काउंटरवरच्या माणसानेच सांगितलं होतं, "तिथे रिक्षा घ्या, स्वस्तात सगळं होतं." यूट्यूबवरच्या दोघा-तिघांनीही तेच सांगितलंय. त्यांना कोणत्या कोचीत नेलं होतं देव जाणे.

एर्नाकुळमहून जायला दोन बोटी आहेत. बोट जेट्टीवरून सुटणारी राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट, तिकीट ६ रुपये. आणि हायकोर्ट टर्मिनलवरून वॉटर मेट्रो, वातानुकूलित, ४० रुपये. वॉटर मेट्रो बघायला छान आहे, पण शनिवार-रविवारी रांग पार बाहेर जाते. साध्या बोटीच्या लाकडी बाकावर बसून वारा खात वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही पोचता आणि वाटेत बंदरातली मोठमोठी जहाजं अगदी जवळून दिसतात. माझं मत साध्या बोटीला.

आता आम्ही बसलो ती रिक्षा. आधी रिक्षावाल्याने सेंट फ्रान्सिस चर्चला नेलं, जे जेट्टीवरून चालत दहा मिनिटांवर आहे. चर्च बघण्यासारखं आहेच. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी इथे पहिलं चर्च बांधलं, वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, आता उरलाय तो थडग्याचा दगड. मला जास्त आवडले ते छताला टांगलेले कापडी पंखे. दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या, म्हणजे ओढणारा नोकर बाहेर उन्हात आणि प्रार्थना करणारे साहेब आत वाऱ्यात. रिक्षावाल्याने बाहेरून हॉर्न वाजवायला सुरुवात केली म्हणून आटपतं घेतलं.

मग म्हणाला, राजवाडा आणि सिनेगॉग आत्ता बंद, तीनला उघडतील, तोवर मसाल्याचा बाजार दाखवतो. घड्याळात साडेअकरा वाजले होते. यातली चलाखी समजून घ्या. सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद असतं हे खरं आहे. म्हणजे साडेअकराला ते उघडं असतं. पण नवख्या माणसाने 'दुपारी बंद' हे कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे तो मान डोलावतो.

'बाजार' म्हणजे एक वातानुकूलित दुकान निघालं. दारावर 'सरकारमान्य' अशी पाटी, आत गालिचे, चंदनाचे हत्ती, काचेच्या बरण्यांत वेलची-मिरी, आणि हिंदीत "सर, देखने का पैसा नहीं" म्हणणारे दोन तरुण. बाहेर आलो तर दुसरं दुकान. त्यानंतर तिसरं. तिसऱ्याच्या दारात बायकोने उतरायला साफ नकार दिला, तेव्हा रिक्षावाला बोलला, "मॅडम, फक्त दहा मिनिटं आत थांबा, काही घेऊ नका, मला कूपन मिळतं." निदान खरं बोलला. त्याचं पोट आहे, मान्य. पण आमच्याकडे दिवस एकच होता आणि त्यातला दीड तास त्या गालिच्यांवर गेला. मेहुण्याने त्याच्या हातावर ५० रुपये ठेवले, तर शंभर मागायला लागला. 'वेटिंग' म्हणे! वेटिंग आम्ही केलं होतं. थोडी बाचाबाची झाली, शेवटी ऐंशीवर मिटलं. आणि राजवाड्याचं फाटक त्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर होतं.

केरळात रिक्षाचं किमान भाडं ३० रुपये आहे आणि तेवढ्यात दीड किलोमीटर होतं. फोर्ट कोची ते मट्टांचेरी, म्हणजे राजवाडा आणि सिनेगॉग आहेत तो भाग, अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. रस्त्यावरची चालती रिक्षा थांबवा, थेट ठिकाणाचं नाव सांगा, मीटर टाकायला लावा. फिरवून आणतो म्हणाला की पुढची रिक्षा. त्याहून बरं म्हणजे चाला. आता मट्टांचेरीलाही वॉटर मेट्रोचं टर्मिनल झालंय, त्यामुळे बोटीने थेट तिथे उतरून उलट दिशेने चालत फोर्ट कोचीला येता येतं. मला पुन्हा जायचं झालं तर मी हेच करीन.

कारण चालायचा रस्ता म्हणजे बाझार रोड, आणि खरा मसाल्याचा बाजार तिथेच आहे. खाडीला लागून जुन्या कौलारू वखारी, अर्ध्या बंद पडलेल्या, अर्ध्यांत तांदूळ, सुंठ, मिरी, सुक्या मिरच्यांची पोती. रस्ता इतका अरुंद की एक ट्रक माल उतरवायला उभा राहिला की सगळी वाहतूक तुंबते. सुंठेचा वास नाकात बसतो तो पार संध्याकाळपर्यंत. इथल्या एका गाळ्यात आम्ही वेलची घेतली. गालिचेवाल्याने सांगितलेल्या भावाच्या जवळपास निम्म्यात, आणि दाणा जास्त हिरवा. दुकानदाराने वर दोन शेंगा फोडून आधी हुंगायला दिल्या.

मट्टांचेरीचा राजवाडा बाहेरून पाहिलात तर हिरमोड होईल. साधी दुमजली इमारत, एखाद्या जुन्या शाळेसारखी. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यात, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी १६६३ नंतर डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचं लागलं. आत जा आणि थेट राजाच्या शयनगृहात उभे राहा. भिंतभर रामायण आहे, वरपासून खालपर्यंत, मोकळी जागा म्हणून सोडलेली नाही. गेरू, पिवळा, हिरवा असे मोजकेच रंग. एका दालनात कृष्ण आहे, त्याच्या सगळ्या हातांना गोपींमध्येच काम लागलंय. पालख्या, पोशाख आणि राजांच्या तसबिरींची दालनं पळत केलीत तरी चालेल. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, लोक निदान बघतात तरी.

तिथून सिनेगॉग दोन मिनिटांवर. परदेसी सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही असं सांगतात. मी गुडघ्यावर बसून बरीच तपासली, त्यात दोन विलोची झाडं आणि एक पूल सारखा दिसत होता तरी फांद्या वेगळ्या निघाल्या. इथले बहुतेक ज्यू १९४८ नंतरच्या वर्षांत इस्रायलला गेले, वस्तीच्या गल्लीत आता दुकानंच दुकानं. आपल्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, एकोणिसाव्या शतकात धर्म शिकवायला जे शिक्षक आले, त्यांत कोचीचे ज्यू होते. मुरुड-रेवदंड्याच्या वाटेवरची जुनी सिनेगॉग पाहिलेल्यांनी इथे जरा जास्त वेळ काढावा.

हे ठळक लक्षात ठेवा: राजवाडा शुक्रवारी बंद. सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही दिवस बंद. शुक्रवारी कोची गाठलीत तर हे दोन्ही जातं आणि मग खरोखर गालिचे बघत बसायची वेळ येते. सकाळी मट्टांचेरी आधी, साडेदहाच्या आसपास. चर्च दुपारीही होतं.

मट्टांचेरीतच चेर्लाई म्हणून भाग आहे. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे बाहेर पडलेले गौड सारस्वत तिथे आहेत, त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. बायको आणि मेहुणा वेंगुर्ल्याचे. एका पापडाच्या दुकानात दोन म्हाताऱ्या आपसात कोंकणीत बोलत होत्या आणि ही मधेच त्यांच्यात शिरली. मला निम्मं कळलं, तिला नव्वद टक्के, आणि पुढची वीस मिनिटं मी फुटपाथवर उभा. डचांच्या काळात मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे इथलेच कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचं नागरीतलं कोंकणी प्रमाणपत्र त्यात छापलेलं आहे. पापड घ्या. उडदाचे, तळल्यावर चांगले फुलतात.

जेवण. मट्टांचेरीत जेवा, जाळ्यांपाशी नाही. मट्टांचेरीत बिर्याणी बारीक तांदळाची असते, मसाला कमी, मटण मऊ, बरोबर खजुराचं लोणचं. वर सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा. तिघांचं पोट भरलं आणि खिसा रिकामा झाला नाही.

चिनी जाळ्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. जाळी सुरेख आहेत, वाद नाही. मोठ्या लाकडी तुळईला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरखंडाने बांधलेले दगड, चार-पाच माणसं दोर ओढतात आणि अख्खं जाळं पाण्यातून वर येतं. आमच्यासमोर वर आलं तेव्हा त्यात मूठभर बारीक मासे, एक चिंबोरी आणि ढीगभर जलपर्णी होती. ओढणारे तुम्हाला हात लावायला बोलावतात, फोटो काढतात, मग पैसे मागतात. द्यायचे असतील तर आधी ठरवून द्या, वीस-तीस रुपये.

खरी लूट पलीकडच्या टपऱ्यांवर. मांडलेला मासा समोरच्या जाळ्यातला 'ताजा' म्हणून विकतात आणि शेजारच्या हॉटेलात शिजवून देतात. मेहुण्याने एका सुरमईचं कल्लं अंगठ्याने वर केलं. आत लाल नाही, मातकट तपकिरी. डोळाही बसलेला. विकणारा म्हणाला, "बर्फामुळे." मेहुणा माझ्याकडे वळून म्हणाला, "भावोजी, ह्यो परवाचो आसा." दर विचारला तर पहिल्यांदा नगावर, मग किलोवर, तोही बर्फासकट वजन करून, आणि शिजवायचे वेगळे. खायचंच असेल तर दर किलोचा आहे का हे बोलून घ्या, वजन पाणी निथळून करा, शिजवणावळ आधी ठरवा. नावं पाठ करून जा: नेय्मीन म्हणजे सुरमई, अयला म्हणजे बांगडा, चेम्मीन म्हणजे कोळंबी, करिमीन म्हणजे आपला काळुंदर. करिमीन केळीच्या पानात भाजलेला खा, पण साध्या जेवणाच्या हॉटेलात. कोकमाऐवजी तिथे कुडमपुळी घालतात, आंबटपणा जरा धुरकट लागतो.

फोर्ट कोचीचा किनारा? सोडून द्या. वाळू बरीच वाहून गेलीय, उरलेल्या भागावर जलपर्णी आणि बाटल्या. त्याला बीच म्हणणाऱ्यांना नमस्कार.

समुद्र हवा तर चेराईचा किनारा. फोर्ट कोचीहून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, समोरच्या वैपिन बेटावर जा. गाड्यांची रांग लांब असते, पायी माणसाला मात्र सरळ चढता येतं. पलीकडे चेराई किंवा मुनंबमची बस पकडा, तासाभरात चेराईच्या देवस्वम नडा थांब्यावर उतरा, तिथून किनारा दीडेक किलोमीटर. चारच्या आत निघालात तर सूर्यास्त सापडतो. चेराईबद्दल जास्त काही सांगायचं नाही. स्वच्छ आहे, लाटा बेताच्या, मागे खाडी, मी तासभर पाण्यात होतो. पावसाळ्यात नका उतरू.

परतताना फोर्ट कोचीला पुन्हा जायची गरज नाही. वैपिन बेट गोश्री पुलांनी एर्नाकुळमला जोडलेलं आहे, चेराईहून बस थेट हायकोर्ट जंक्शनला सोडते. चेराईच्या थांब्यावरही एक रिक्षावाला आला, साडेसातशेत एर्नाकुळमला सोडतो म्हणाला. पाच मिनिटांत बस आली. उभ्याने आलो, पाय दुखले, तिकीट चाळीसच्या आत.