ऋण काढून बोगदे

शनिवार, रात्री

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, म्हणजे ट्यूबच्या, रसेल स्क्वेअर स्टेशनसमोर आज बराच वेळ उभी होते. गडद लाल, चकचकीत टाइल्स आणि वर अर्धगोल खिडक्या. लेस्ली ग्रीनने आखलेली अशी स्टेशनं मध्य लंडनभर आहेत. छप्पर मुद्दाम सपाट, आत पोलादी सांगाडा. पुढेमागे वर मजले चढवून ऑफिसांना भाड्याने देता यावेत म्हणून. ही सोय चार्ल्स यर्कीजच्या कंपनीची, जिने ही ट्यूब खोदली.

हा यर्कीज हल्ली माझ्या डोक्यातून जातच नाही. फिलाडेल्फियाचा शेअर दलाल. १८७१ मध्ये शिकागोला आग लागली, बाजार कोसळला आणि याच्याकडे असलेला नगरपालिकेचा पैसा परत देता येईना. सात महिने तुरुंगात काढून माफी मिळवली. पुढे शिकागोतच ट्राम कंपन्या घेतल्या, लाचखोरीचा बोभाटा झाला, लोक रस्त्यावर उतरले. मधल्या काळात तिथल्या विद्यापीठाला ४० इंची दुर्बीण दिली. (नाव धुऊन घ्यायला, दुसरं काय!)

साठी उलटल्यावर, १९०० मध्ये, स्वारी लंडनकडे वळली. इथे ट्यूबच्या परवानग्या होत्या, पैसा नव्हता. हॅम्पस्टेडच्या मार्गाचे हक्क याने एक लाख पौंडांना घेतले. बेकरलू या दुसऱ्या ट्यूब मार्गाचं काम व्हिटेकर राइट या भांडवलदाराच्या कंपनीचं दिवाळं वाजल्यामुळे रखडलं होतं, तेही घेतलं. (राइटने १९०४ मध्ये शिक्षा झाल्यावर कोर्टाच्या इमारतीतच विष घेतलं.) स्पेयर बँकेला हाताशी धरून १९०२ मध्ये नवी कंपनी काढली आणि रोखे विकत सुटला. ऋण काढून सण करू नये म्हणतात. याने ऋण काढून अख्खं शहर पोखरलं.

याच्याच पिकॅडिली लाइनवर (रसेल स्क्वेअर तिच्यावरच) वर्षाला ६ कोटी प्रवासी येतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी आले २.६ कोटी. मला वाटतं, हिशेब चोख मांडणाऱ्या माणसाने एवढं खोदकाम हाती घेतलंच नसतं. म्हणून मी त्याला सरळ चोर म्हणून मोकळी होऊ शकत नाही, आणि हे मला आवडत नाही.

तो स्वतः डिसेंबर १९०५ मध्ये गेला. त्याची पहिली ट्यूब, बेकरलू, सुरू झाली मार्च १९०६ मध्ये. १९०८ मध्ये ७० लाख पौंडांच्या रोख्यांची मुदत भरली तेव्हा तिजोरीत खडखडाट. त्या स्पेयर बँकेच्या एडगर स्पेयरने मध्यस्थी करून, पदरचे पैसे घालून कंपनी वाचवली. रोखेधारकांच्या हाती रोकड नाही, नवे कागद पडले. अंदाज फुगवून झालेल्या या कामाचं मी आज कौतुक करते, पण त्यांच्यापैकी कुणासमोर ते करायची माझी छाती झाली नसती.