एवढ्या उन्हात हाडे ठिसूळ कशी?

“सोलापूरच्या उन्हात सत्तर वर्षे काढलेल्या बाईची हाडे ठिसूळ कशी होतील?” आईचे मनगट मोडल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदाचे लिहून ठेवते.

ऊन गावात असणे वेगळे आणि ते अंगावर पडणे वेगळे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की आपण अकरालाच खिडक्या लावतो, बाहेर पडलोच तर डोक्यापासून हातांपर्यंत कापड गुंडाळतो. विड्या वळणाऱ्या बायकांचा तर सारा दिवस मांडीवर सूप घेऊन घरातच जातो. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण सिद्धेश्वर तलावाभोवतीच्या कोवळ्या उन्हात फार थोडे असतात, आणि काचेआडून तर जवळजवळ येतच नाहीत. थंडीच्या दिवसांत दुपारच्या सुमारास उघड्या हातापायांवर थोडे ऊन घेणे बरे. मे महिन्यात मात्र हा प्रयोग कोणी करू नये.

पण सगळा दोष ‘ड’ जीवनसत्त्वाचा नाही. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरले जाते. तिशीपर्यंत जमा होते ती पुंजी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि पुढची काही वर्षे झीज भरीला मागे टाकते. हे घडताना काहीही दुखत नाही. आमच्याकडे फक्त इतकेच झाले, की फडताळाच्या वरच्या फळीवरची शेंगाचटणीची बरणी आईच्या हाताला लागेनाशी झाली, आणि फळी उंच बसवली म्हणून तिने सुताराला बोल लावला. आम्ही हसलो. मणके दबून तिचीच उंची कमी झाली होती, हे दोन वर्षांनी, मोरीत पाय घसरून मनगट मोडल्यावर कळले. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.९ आला; तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात.

आपली कडक भाकरी मला प्रिय आहे, पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम तीस मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅमची शिफारस आहे, म्हणून नाचणीसोबत दूध, ताक, तीळही हवेत. मिश्री सुटायला हवी; तंबाखू हाडांनाही सोडत नाही. चालणे आणि जिना चढणे यांनी हाडांवर भार पडतो, तो त्यांना हवाच असतो. मोरीत खरखरीत फरशी आणि रात्रीचा दिवा आम्ही मनगट मोडल्यानंतर बसवला, ही आमची चूक.

आता डॉक्टरांनी दिलेली गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे न होता. आईने त्यासाठी सोमवार निवडला, कारण सोमवारी सिद्धेश्वराचे दर्शन होईपर्यंत ती चहादेखील घेत नाही.