त्या पेपरांत अभ्यासण्यासारखं असतं तरी काय?

"डेली मिरर मजूर पक्षाचा आणि डेली मेल हुजूर पक्षाचा, हे ब्रिटनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग असल्या सनसनाटी टॅब्लॉइड पेपरांत तुम्ही अभ्यास कसला करता?" वृत्तपत्रांच्या भाषेवर काम करते असं सांगितलं की थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा थोडी कीवही असते.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या बातम्यांना निःपक्षपातीपणाचं बंधन आहे, पेपरांना नाही. मोठे टॅब्लॉइड २०१४पासून इप्सो या वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची आचारसंहिता मानतात, आणि ती संहिताच म्हणते की बाजू खुशाल घ्या, मोहिमा चालवा; फक्त मत, तर्क आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ करू नका, माहिती चुकीची देऊ नका. म्हणजे पक्षपात हा तिथे आरोपच होऊ शकत नाही. 'हा पेपर एकतर्फी आहे' असं म्हणून तुम्ही कोणालाही धक्का देत नाही. मला कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचं: आकडा खरा, निकाल खरा, फोटो खरा, आणि तरी पान वाचून झाल्यावर वाचक कोणावर तरी चिडलेला असतो. हे घडवतं कोण? बऱ्याचदा व्याकरण.

४ नोव्हेंबर २०१६चं डेली मेलचं पहिलं पान घ्या. आदल्या दिवशी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला होता की युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया संसदेला विचारल्याशिवाय सरकारला सुरू करता येणार नाही. बाहेर पडावं की नाही, यावर न्यायालयाने काहीही म्हटलं नव्हतं. मेलने तिघांचे विगधारी फोटो लावले आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं, 'एनिमीज ऑफ द पीपल', जनतेचे शत्रू. मथळा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मी विद्यार्थ्यांना त्याच्याखालची ओळ वाचायला लावते. ती सुरू होते 'फ्युरी ओव्हर'ने. संताप! पण कोणाचा? वाक्यात संतापणारा माणूसच नाही. न्यायाधीश 'जनतेपासून तुटलेले' आहेत, हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत, म्हणजे ते कोणीतरी म्हटलंय. कोणी, ते ओळ सांगत नाही. आणि याच ओळीत सार्वमतात ब्रेक्झिटला, म्हणजे संघातून बाहेर पडायला, मत देणारे १ कोटी ७४ लाख लोक हजर आहेत. विरोधात मत देणारे १ कोटी ६१ लाख कुठे गेले? जनतेच्या व्याख्येबाहेर. त्यासाठी एकही खोटा आकडा छापावा लागला नाही.

त्याच दिवशी सन या दुसऱ्या टॅब्लॉइडने हा खटला भरणाऱ्या याचिकाकर्त्यांना लक्ष्य केलं. गडगंज परक्या उच्चभ्रूंनी ब्रिटिश मतदारांचा कौल धुडकावला, असा एकूण सूर. मुख्य याचिकाकर्त्या जिना मिलर या गयानात जन्मलेल्या ब्रिटिश नागरिक. दुसरा याचिकाकर्ता केस कापण्याचा व्यवसाय करणारा होता. तो 'गडगंज'मध्ये बसतो की 'उच्चभ्रू'मध्ये, हा खुलासा काही मथळ्यात मावला नाही.

आकड्यांशी खेळ होतो तेव्हा मात्र पेपर अडकू शकतो. नोव्हेंबर २०१५मध्ये सनच्या पहिल्या पानावर आलं की ५पैकी १ ब्रिटिश मुस्लिमाला जिहादींबद्दल सहानुभूती आहे. पाहणीतला प्रश्न होता सीरियातल्या लढवय्यांना सामील होण्यासाठी देश सोडणाऱ्या तरुण मुस्लिमांबद्दल. 'जिहादी' हा शब्द प्रश्नात नव्हता, कोणत्या बाजूचे लढवय्ये हेही नव्हतं. 'खूप सहानुभूती' म्हणणारे ५ टक्क्यांच्या आसपास होते. 'थोडी' म्हणणारे मिळवले तेव्हा ५त १ झाले. ३,०००हून अधिक तक्रारी गेल्या आणि इप्सोने हा मजकूर लक्षणीय दिशाभूल करणारा ठरवला. पण तो निवाडा आला मार्च २०१६मध्ये. पहिलं पान केव्हाच घराघरांत पोचलं होतं.

कोणाला कसं दाखवलं जातं, हा प्रश्न पक्षाच्या प्रश्नापासून वेगळा ठेवावा लागतो, आणि इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. मार्च २०१७मध्ये हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन भेटल्या. विषय होता ब्रेक्झिट आणि स्कॉटलंडचं भवितव्य. मेलने दोघींचा बसलेला फोटो छापून विचारलं की ब्रेक्झिट राहू द्या, 'लेग्ज-इट' कोणी जिंकलं? म्हणजे पाय कोणाचे सरस. मे या तर मेलच्या लाडक्या पंतप्रधान! पक्ष आपला असला तरी बाईला बाई म्हणूनच मोजलं गेलं. टीका झाली तेव्हा पेपरचं उत्तर होतं की जरा हलक्याने घ्या. मला टॅब्लॉइडांचं सगळ्यांत चलाख हत्यार हेच वाटतं. शब्दखेळ केला की आक्षेप घेणारा आपोआप रडका ठरतो.

आता पक्षाकडे येते. ३० एप्रिल २०१५ला, सार्वत्रिक निवडणुकीच्या आठवडाभर आधी, सनने हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांना पाठिंबा जाहीर केला. स्कॉटलंडला स्वतंत्र करू पाहणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या हाती देशाची दोरी जाऊ नये, हेही एक कारण दिलं. त्याच सकाळी सनच्याच स्कॉटलंडमधल्या आवृत्तीच्या, स्कॉटिश सनच्या, पहिल्या पानावर त्याच पक्षाच्या स्टर्जन होत्या, 'स्टार वॉर्स'च्या वेशात, नवी आशा म्हणून. मालक एक, तारीख एक, सल्ले परस्परविरोधी. ज्याला आपण पेपरची विचारसरणी म्हणतो, तिचा बराचसा भाग 'आपला वाचक कोण' याचा हिशेब असतो, असं माझं मत या दोन पानांमुळे पक्कं झालं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: वाचक आधीच त्या मताचा असेल, तर पेपरने बिघडतं काय? १९९२ला हुजूर पक्ष जिंकल्यावर सनने विजय आमच्यामुळेच, अशी फुशारकी मारली होती. २० वर्षांनी पेपरांच्या वागणुकीवरच्या लेव्हेसन चौकशीत खुद्द सनचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी तो मथळा चुकीचा होता असं सांगितलं. एका निवडणुकीवरून हे सिद्ध करणं अवघडच, कारण वाचक पेपर स्वतः निवडतो.

पण लिव्हरपूलने नकळत एक प्रयोग करून ठेवला. एप्रिल १९८९मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेत लिव्हरपूल संघाचा फुटबॉल सामना पाहायला गेलेले चाहते चेंगरून मेले. मृतांचा आकडा आज ९७ धरला जातो. चार दिवसांनी सनने 'द ट्रुथ' या मथळ्याखाली चाहत्यांवरच मृतांचे खिसे कापल्याचे खोटे आरोप छापले. शहराने पेपरवर बहिष्कार घातला, तो दशकानुदशकं टिकला. सन हा युरोपीय संघाचा कट्टर विरोधक, म्हणजे तो विरोध तिथे वाचलाच जाईना. फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या संशोधकांनी तीन दशकांच्या जनमत पाहण्या तपासल्या, तेव्हा दिसलं की बहिष्कारामुळे मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या भागात, युरोपीय संघाबद्दलचं मत अधिक अनुकूल झालं. हा फरक आला मुख्यतः बहिष्काराच्या काळात वाढलेल्या पिढ्यांमुळे आणि सन वाचणं सोडलेल्या कामगारवर्गामुळे. आणि त्या बहिष्काराचं मूळ कारण युरोप नव्हतंच.