ग्वाडलकनालचे चार दिवस: बुडालेली जहाजं, तांदळाची पोती आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

बाबांनी माझगाव डॉकमध्ये एकतीस वर्षं जहाजाच्या प्लेटा जोडल्या, त्यामुळे ब्रिस्बेनला माझ्याकडे आले तेव्हा सिडनी-बिडनी राहू दे, ते सॉलोमन बेटांपाशी जहाजांचं स्मशान आहे ना ते दाखव म्हणाले. ब्रिस्बेनहून होनियाराला, म्हणजे ग्वाडलकनाल बेटावरच्या सॉलोमनच्या राजधानीला, विमानाने तीनेक तास लागतात. व्हिसाचे नियम मात्र निघण्याआधी स्वतः तपासा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि अमेरिका ह्या बेटावर भिडले, आणि आपण उतरतो तो विमानतळच मुळात सगळ्या भांडणाचं मूळ आहे. जपान्यांनी इथे धावपट्टी बांधायला घेतली, ७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले आणि त्यांनी ती पूर्ण व्हायच्या आधीच ताब्यात घेतली, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटापाशी झालेल्या लढाईत गेलेल्या मेजर हेंडरसनचं नाव तिला दिलं, आणि पुढचे सहा महिने जमिनीवर, समुद्रात, आकाशात जे काही झालं ते ह्या एका पट्टीसाठी झालं. ज्याच्या हातात धावपट्टी त्याची विमानं दिवसा समुद्रावर, म्हणून जपानी जहाजं फक्त रात्री यायची. एवढं डोक्यात ठेवून फिरलात की प्रत्येक जागा कळत जाते.

पहिल्या दिवशी सरळ टेकडीवरच्या अमेरिकन स्मारकावर जा. तिथे दगडांवर लढायांचा मजकूर कोरलाय आणि समोर अख्खा समुद्र दिसतो, त्यात साव्हो बेट. ८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर जपानी क्रूझर, म्हणजे मोठ्या वेगवान युद्धनौका, त्या बेटाला वळसा घालून आल्या आणि जेमतेम तासाभरात क्विन्सी, व्हिन्सेन्स, अॅस्टोरिया आणि ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा ह्या चार क्रूझरचा निकाल लावून गेल्या, हजारावर खलाशी गेले. नंतर त्याच पाण्यात इतकी जहाजं बुडाली की नावच आयर्नबॉटम साउंड पडलं, तळाशी लोखंड असलेला समुद्र. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, एक क्रूझर बांधायला किती माणसांचे किती दिवस जातात माहितीये तुला?

पण मी सगळ्यात जास्त आग्रह करेन तो बोनेगीचा. होनियारापासून पश्चिमेला बारा-पंधरा किलोमीटर, रस्ता खड्ड्यांचा आहे, टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा आणि भाडं बसण्याआधी बोलून घ्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये जपानने अकरा मालवाहू जहाजं सैनिक आणि धान्य भरून पाठवली, सात वाटेत विमानांनी बुडवली आणि उरलेली चार १५ तारखेच्या पहाटे कप्तानांनी मुद्दाम किनाऱ्यावर घुसवली, निदान काहीतरी उतरेल म्हणून. उजाडल्यावर त्यांच्यावरही बॉम्ब पडले. त्यातली हिरोकावा मारू आणि किनुगावा मारू ही दोन इथेच आहेत. किनुगावाचं थोडं लोखंड पाण्याच्या वर दिसतं, किनाऱ्यावरून पोहत जाता येतं, मास्क आणि स्नॉर्केल असलं की पुरे, पुढचा भाग उथळात आणि मागचा खोल उतरत गेलाय. प्रवाळ चढलंय, मासे आत-बाहेर करतात.

बाबा पोहले नाहीत, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. एक गंजाचा पापुद्रा वाहत त्यांच्या हाताशी आला, बोटावर घेऊन उन्हात धरला, थरावर थर सुटलेले, अगदी चिरोट्यासारखे. ही माणसं तांदूळ घेऊन आली होती रे, एवढंच म्हणाले आणि पापुद्रा परत पाण्यात सोडला. मला तोफांपेक्षा हेच लागलं. पुढे तर पिंपांत धान्य भरून, दोरीने बांधून रात्री समुद्रात सोडायचे, की लाटांनी किनाऱ्याला लागेल, आणि बरीचशी पिंपं भुकेल्या माणसांपर्यंत पोचायचीच नाहीत. जपानी सैनिक ह्या बेटाला उपासमारीचं बेट म्हणायचे. वीस हजारांहून जास्त जपानी इथे मेले, त्यातले बरेच गोळीने नाही, भूक, मलेरिया आणि हगवणीने. फेब्रुवारी १९४३ मध्ये उरलेल्या दहा हजारांवर लोकांना रात्रीच्या अंधारात जहाजांनी काढून नेलं.

किनाऱ्यासाठी गावातल्या लोकांना पैसे द्यावे लागतात, जमीन त्यांची आहे, घासाघीस करू नका. रोख सॉलोमन डॉलर सुटे जवळ ठेवा. पायात जुने बूट घाला, पत्रा कापतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच जा.

तिथून पुढे विलूचं उघड्यावरचं संग्रहालय, पंख दुमडणारं अमेरिकन वाइल्डकॅट लढाऊ विमान आणि तोफा गवतात उभ्या आहेत, तासभर पुरे. ब्लडी रिज, म्हणजे धावपट्टीसाठी जिथे मोठी लढाई झाली ती टेकड्यांची रांग, विमानतळाच्या मागेच आहे, सकाळी लवकर उरका, सावली अजिबात नाही. माउंट ऑस्टिनवरचं जपानी स्मारक मात्र चुकवू नका, दोन्ही बाजूंची स्मारकं एकाच दिवशी बघितली की मन वेगळंच होतं.

आणि जेकब वूझाचा पुतळा, पोलिस मुख्यालयापाशी. हा इथलाच निवृत्त पोलिस, जपान्यांनी पकडलं, झाडाला बांधलं, संगिनी खुपसल्या, तरी तोंड उघडलं नाही, दोर कुरतडून सुटला आणि रक्ताळलेला सरपटत मरीनांपर्यंत जाऊन हल्ल्याची खबर दिली. लढाई दोन परक्या देशांची आणि घर ह्यांचं, हे त्या पुतळ्यासमोर फार जाणवतं.

मलेरिया अजूनही आहे. गोळ्या डॉक्टरला विचारून निघण्याआधीच सुरू करा, संध्याकाळी लांब बाह्या घाला. झाडीत पायवाट सोडू नका, लोखंडी काहीही दिसलं तरी उचलू नका, न फुटलेले बॉम्ब आजही सापडतात. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे, आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, ते ठीक पडलं.

होनियाराच्या मोठ्या बाजारात पाणी, नारळ, पपई सगळं मिळतं. तिथे ओली सुपारी चुन्याबरोबर खातात, बाबा ढीग बघून थबकलेच, अरे ही तर आपली सुपारी! विकणाऱ्या मावशीने एक सोलून हातावर ठेवली, पैसे घेईनात. टॅगिओ टुमास म्हणायला शिका, म्हणजे खूप आभार, बाबा उरलेले दोन दिवस सगळ्यांना तेच म्हणत होते.