मानेच्या मणक्याला मार लागून लुळ्या पडलेल्या हाताला करंट देताना

पेशंटला घरी आणलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: शॉकची मशीन घ्यायची का? घ्या, पण आधी फिजिओथेरपिस्टकडून हाताच्या ज्या स्नायूला हलवायचंय त्यावर करंट देऊन पाहा. मज्जारज्जूला दुखापत झाली तरी तिच्या खालच्या पातळीवरून हाताकडे येणाऱ्या नसा बहुधा शाबूत असतात. मशीन स्नायूला थेट नाही, या नसेमार्फत हलवते. मार बसला नेमक्या त्याच पातळीवरच्या पेशी मेल्या असतील, किंवा गाडीवरून पडताना नस मुळापासून उपटली असेल, तर करंट कितीही वाढवा, स्नायू ढिम्म. अशा स्नायूसाठी फार लांब पल्स, म्हणजे करंटचे ठोके, लागतात, ते घरगुती मशीनमध्ये नसतात.

मेडिकलमध्ये मशीन मागितली की हातात बहुतेक 'टेन्स' ठेवतात. ती दुखण्यावरची. आपल्याला 'एनएमईएस' हवी, म्हणजे चालू-बंदचा वेळ आणि करंट चढण्याचा वेळ बदलता येणारी. सुरुवातीला ३५ हर्ट्झ (सेकंदाला ३५ पल्स), प्रत्येक पल्स २५० ते ३०० मायक्रोसेकंद, चढ २ सेकंद, चालू ५ आणि बंद १५ सेकंद. करंट शून्यापासून एकेक मिलिअँपिअरने वाढवायचा. बंदचा वेळ कमी करायची घाई नको. मशीन सगळे तंतू एकदमच आवळते, आळीपाळीने नाही, म्हणून स्नायू लवकर दमतो.

मनगट उचलायला एक पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली दोन बोटं, दुसरा हाताच्या मागच्या बाजूला कोपर आणि मनगटाच्या मध्यावर. गोल, तीनेक सेंटिमीटरचे पॅड घ्या; मोठा पॅड शेजारचे स्नायूही ओढतो. मनगट अंगठ्याकडे वळत असेल तर पॅड करंगळीच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर सरकवा. नुसती बोटंच उघडत असतील तर वरचा पॅड अंगठ्याच्या बाजूला न्या. जागा जमली की पेनाने खूण करून ठेवा, रोजचा निम्मा वेळ वाचतो.

सी-६ च्या, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर दुखापत झालेल्या पेशंटमध्ये मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात. तीच त्याची पकड. म्हणून मनगट वर धरून बोटं ताणून सरळ करायची नाहीत. मालिशवाले नेमकं हेच करतात आणि पकड सैल होऊन बसते.

निवांत पडलेल्या हाताला तासभर करंट देऊन फारसं हाती लागत नाही. चालूच्या ५ सेकंदांत पेशंटने स्वतः जोर लावून काहीतरी धरलं पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी कडक भाकरीचा तुकडा उत्तम: पकड कमी पडली तर निसटतो, जास्त झाली तर मोडतो. कॅनडात टोरांटोला संशोधक मिलोस पोपोविच यांच्या गटाने असा सराव रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस, आठ आठवडे घेतला होता.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. घामाने पॅडची कड सुटते, सगळा करंट उरलेल्या चिमूटभर जागेतून जातो आणि संवेदना नसलेल्या कातडीला चटका बसल्याचं कळतच नाही. तेल, पावडर नको. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, चिकटपणा गेलेला पॅड फेकून द्या. लाली तासाभरात गेली नाही तर त्या जागी करंट बंद.

बीपी आधी मोजा. या पेशंटचा वरचा आकडा एरवीच ९० ते ११० असतो. तो २० ने वाढला, डोकं ठणकलं, मानेवर घाम फुटला तर मशीन काढा. चक्कर समजून आडवं करू नका, ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुरगळली आहे का बघा. आराम पडला नाही तर थेट दवाखाना. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावूच नका.

मानेवर पॅड लावून हात सुधारल्याचे व्हिडिओ फिरतात, तेही खोटे नाहीत. 'आर्क-ईएक्स' नावाच्या, मानेच्या कातडीवरून मज्जारज्जूला करंट देणाऱ्या यंत्राची ६० जणांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, ७२ टक्क्यांना ताकद आणि कामकाज दोन्हींत फायदा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली. पण ती परवानगी दुखापत अपूर्ण असलेल्यांसाठी, म्हणजे खाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरलेल्यांसाठी, आणि व्यायामासोबत. त्यातला करंट वेगळ्या घडणीचा असतो. घरच्या टेन्सचे पॅड मानेला चिकटवून तो परिणाम येत नाही. आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कुठलाच पॅड लावायचा नाही, तिथे नाडी आणि बीपी सांभाळणारी नस आहे.