गायकाला हिरो करू नका, रोल द्या

'उडता पंजाब'मधलं मला सगळ्यात भारी काय वाटलं असेल तर कास्टिंग. पॉपस्टार टॉमी सिंगचा रोल शाहिद कपूरला, आणि खराखुरा पंजाबी पॉपस्टार दिलजीत दोसांझ कुठे, तर खाकी वर्दीत, ड्रग्जचे ट्रक सोडायला हप्ता खाणारा एएसआय! पहिल्याच हिंदी पिक्चरमध्ये ना डान्स ना स्वॅग, डॉक्टर करीनापुढे नुसता अवघडून उभा राहतो तरी आपल्याला कळतं की हा गेला कामातून 😄 फिल्मफेअरचा डेब्यू अवॉर्ड उगाच नाही मिळाला.

आता आपला सोनू निगम आठवा. आवाजाबद्दल आपण काय बोलणार, दिसायलाही छान, लहानपणी 'बेताब'मध्ये छोटा सनी देओल झालेला म्हणजे कॅमेराही नवीन नाही, पण 2002 ते 2004 मध्ये 'जानी दुश्मन', 'काश आप हमारे होते', 'लव्ह इन नेपाळ' आले आणि गेले. म्हणजे अल्बमच्या व्हिडिओतला गोड मुलगा उचलून तसाच्या तसा अडीच तास ताणला, दुसरं काय. त्याच 2002 मध्ये लकी अलीला 'सूर'मध्ये स्वतःच्याच शिष्येवर जळणारा म्युझिक टीचर दिला होता, आणि त्याचा तो तुटक, हरवल्यासारखा चेहरा तिथे बरोब्बर बसला.

आणि 'कट्यार काळजात घुसली' (2015) विसरून कसं चालेल! ज्या शंकर महादेवनने 'ब्रेथलेस' गाऊन आपला दम काढला, त्यालाच भर दरबारात आवाज दगा देणारे पंडितजी करायला लावले. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरसाठी राहुल देशपांडे गायले होते, पण शंकरचा गळा त्याचा स्वतःचाच, त्यामुळे तो अडकतो तेव्हा बघणाऱ्यालाच घशात काहीतरी झाल्यासारखं होतं. डायलॉग म्हणताना तो जरा जपून बोलतो हे मान्य, पण त्या सीनला सगळं माफ.

पंजाबी गायक अमरसिंग चमकीलावरच्या दिलजीतच्या 'चमकीला' पिक्चरमध्ये तर त्याने आणि परिणीती चोप्राने सेटवर लाईव्ह गायलंय, आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवलेले नाहीत. आखाड्याच्या (म्हणजे गावातल्या उघड्यावरच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या) सीनमध्ये तुंबी, ते एकतारी वाद्य, घेऊन उभा राहतो तेव्हा कुठे श्वास घेतो तेही दिसतं, हे शिकवून येत नाही हो.

सोनूचं मात्र अजून वाईट वाटतं. माणूस मिमिक्री इतकी भन्नाट करतो, निरीक्षण आहे, टायमिंग आहे, मग एखाद्या डायरेक्टरला त्याला धमाल कॉमेडी नाहीतर एखादा खवट व्हिलन द्यावासा का नाही वाटला, कोण जाणे.